अरहर, केसाळ अळी आणि जिनिव्हा : एंडोसल्फानच्या वाटाघाटीचे प्रकरण

आंतरराष्ट्रीय कराराच्या मजकुराला सहसा कोणत्याही एका देशाच्या मातीचा वास येत नाही; शेकडो हातांतून जाताना तो घासून गुळगुळीत झालेला असतो. दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या परिशिष्ट ‘अ’मधला सहावा भाग याला अपवाद आहे. तिथे पिके आणि त्यांवरच्या किडी यांचा एक तक्ता आहे. कापसासमोर मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, बोंडअळी, गुलाबी बोंडअळी आणि पाने गुंडाळणारी अळी. हरभऱ्यासमोर शेंगा पोखरणारी अळी, म्हणजे आपली घाटेअळी. आणि तागासमोर चक्क ‘बिहारची केसाळ अळी’. तुरीला तर इंग्रजी मजकुरातही ‘अरहर’च म्हटले आहे. जगातल्या बहुतेक देशांनी स्वीकारलेल्या करारात हा शब्द कसा शिरला, हे ज्याला सांगता आले त्याला एंडोसल्फान या कीटकनाशकाची सगळी वाटाघाट कळली असे मी धरतो.

नागपुरात लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांना वाटाघाटी हा विषय शिकवताना मी दरवर्षी हा तक्ता आधी हातात देतो आणि करार नंतर. वर्गात हिंगणघाट, आर्वी, काटोल, सावनेर अशा गावांतली मुले असतात. तक्त्यातल्या निम्म्या किडी त्यांनी पानाच्या मागच्या बाजूला स्वतः पाहिलेल्या असतात. एका वर्षी काटोलच्या एका मुलाने तक्ता वरपासून खालपर्यंत बोटाने तपासला आणि विचारले, “सर, आंबा आहे, सफरचंद आहे, मग संत्रा कुठे गेला?” प्रश्न हसण्यावारी गेला, पण तो त्या दिवसाचा सर्वांत चांगला प्रश्न होता. अशी यादी सभागृहात बसून सुचत नाही. दिल्लीहून निघालेल्या कागदावर ज्या ओळी असतात त्यांवरच शेवटच्या रात्री घासाघीस होते. जी ओळ कागदावर नाही तिच्यासाठी भांडायला तिथे कोणी नसते.

रसायन आणि चाळण्या

एंडोसल्फान हे ऑर्गॅनोक्लोरीन गटातले कीटकनाशक १९५० च्या दशकात बाजारात आले. स्वस्त, अनेक किडींवर चालणारे आणि मधमाश्यांना तुलनेने सौम्य, अशी त्याची बाजू मांडली जात असे. कापूस पिकवणाऱ्या मुलखात ‘३५ ईसी’ची, म्हणजे ३५ टक्के एंडोसल्फानच्या द्रावणाची, बाटली कृषी केंद्राच्या फळीवर असायचीच. भारत हा त्याचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक होता, आणि उत्पादकांमध्ये केंद्र सरकारच्या मालकीची एक कंपनीही होती. पुढचे बरेच काही या शेवटच्या वाक्यावरून समजते.

स्टॉकहोम करार मे २००१ मध्ये स्वीकारला गेला आणि १७ मे २००४ रोजी अमलात आला. सुरुवातीला त्यात डीडीटीसह बारा रसायने होती, २००९ मध्ये आणखी नऊ आली, आणि एंडोसल्फान बाविसावे ठरले. नवे रसायन यादीत घालायचे तर पक्षकार, म्हणजे करारात सामील झालेल्या, देशाने सचिवालयाकडे प्रस्ताव द्यायचा. मग सरकारांनी नेमलेल्या ३१ तज्ज्ञांची पुनरावलोकन समिती त्याला तीन चाळण्यांतून काढते. रसायन टिकाऊ आहे का, सजीवांच्या शरीरात साठते का, दूरवर वाहून जाते का आणि अपाय करते का, ही पहिली चाळणी. जोखमीचे चित्र ही दुसरी. पर्याय, खर्च आणि समाजावरचे परिणाम ही तिसरी. त्यानंतर समितीची शिफारस पक्षकार परिषदेपुढे जाते आणि निर्णय तिथे होतो.

पहिल्या चाळणीत आकडे आहेत. अर्धायुष्य, म्हणजे रसायनाचा निम्मा भाग नाहीसा व्हायला लागणारा काळ, पाण्यात दोन महिन्यांहून जास्त किंवा मातीत सहा महिन्यांहून जास्त असावे. जलचरांच्या शरीरातले साठ्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या ५,००० पटींच्या वर असावे. आकडे दिले की वाद मिटेल असे करार लिहिणाऱ्यांना वाटले असावे. झाले उलटे. एंडोसल्फानचे दोन समघटक (आयसोमर) मातीत फुटून त्यांचे एंडोसल्फान सल्फेट बनते आणि ते मूळ रसायनापेक्षा जास्त टिकते. मग अर्धायुष्य मोजायचे ते कोणाचे, मूळ रसायनाचे की त्याच्या अपत्यासह सगळ्या कुटुंबाचे? कुटुंब धरले की रसायन चाळणीत अडकते, एकट्याला मोजले की वाट काढायला जागा राहते. आर्क्टिकच्या हवेत आणि प्राण्यांत त्याचे अंश सापडले होते, त्यामुळे दूर वाहून जाण्याचा मुद्दा नाकारणे अवघड होते; साठण्याच्या मुद्द्यावर मात्र भारताने शेवटपर्यंत हरकत घेतली.

युरोपीय संघाने २००७ मध्ये प्रस्ताव दिला. स्वतःच्या सदस्य देशांत त्याने एंडोसल्फान आधीच बाजूला केले होते, त्यामुळे त्याला स्वतःला गमावण्यासारखे थोडेच होते. असे प्रस्ताव नेहमी याच दिशेने येतात, आणि ‘तुमचे वापरून झाले, आता आमचे बंद करता’ ही तक्रारही याच दिशेला जाते. तक्रारीत तथ्य असते, पण तेवढ्याने रसायन निर्दोष ठरत नाही. वर्गात या दोन गोष्टी वेगळ्या करायला मला एक अख्खा तास लागतो.

समितीतले मतदान

समितीत २००८ पासून २०१० पर्यंत जे घडले ते पुढे एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हात झालेल्या पक्षकार परिषदेच्या आठवड्याइतकेच महत्त्वाचे आहे. तज्ज्ञांची समिती शक्यतो सहमतीने चालते. एंडोसल्फानच्या बाबतीत भारतीय सदस्याच्या हरकती कायम राहिल्या आणि समितीने मतदानाने पुढे जाण्याचा मार्ग धरला. नियमांत मतदानाची सोय होती. परंतु वैज्ञानिक प्रश्न हात वर करून सोडवला, असे म्हणण्याची संधी भारताला मिळाली, आणि पक्षकार परिषदेत भारताने ती पुरेपूर वापरली. रसायन घातक आहे की नाही यापेक्षा कार्यपद्धती पाळली की नाही यावर बोलणे शिष्टमंडळाला सोपे जाते. कार्यपद्धतीच्या वादात अनेक देशांची सहानुभूती मिळते, कारण उद्या तीच वेळ आपल्यावरही येऊ शकते हे प्रत्येकाला ठाऊक असते.

माझे मत असे की समितीचा निष्कर्ष बरोबर होता आणि तरी मतदानाची घाई महागात पडली. आणखी एखादे वर्ष थांबून सल्फेटचा मुद्दा सहमतीने लिहून घेता आला असता, तर जिनिव्हात भारताकडे अर्धाच दारूगोळा उरला असता. यावर माझे काही सहकारी म्हणतात की एक वर्ष थांबणे म्हणजे केरळातल्या फवारणीग्रस्त कासारगोडसारख्या ठिकाणी आणखी एक वर्ष. त्यांना माझ्याकडे पटेल असे उत्तर नाही.

घरातली वाटाघाट

‘भारताची भूमिका’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रात ठीक दिसतो. प्रत्यक्षात त्या भूमिकेत निदान तीन मंत्रालये आणि दोन-तीन राज्ये एकमेकांकडे पाठ करून उभी होती. करार पर्यावरण मंत्रालयाकडे, कीटकनाशकांची नोंदणी आणि वापर कृषी मंत्रालयाकडे, आणि सरकारी कंपनी रसायन खात्याकडे. २०११ मध्ये पर्यावरणमंत्री जयराम रमेश होते आणि कृषिमंत्री शरद पवार. अनेक राज्यांना हे कीटकनाशक हवे आहे, ही कृषी मंत्रालयाची बाजू होती.

विरुद्ध टोकाला केरळ होते. कासारगोड जिल्ह्यात राज्य सरकारच्या महामंडळाच्या काजूबागांवर सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फानची फवारणी झाली. खाली ओढे, विहिरी आणि वस्ती होती. तिथल्या मुलांमधले जन्मजात दोष आणि आजार यांची दखल आधी गावातल्या डॉक्टरांनी आणि पत्रकारांनी घेतली, शास्त्रज्ञ नंतर आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या अभ्यासाने आरोग्यावरच्या परिणामांकडे बोट दाखवले. उलट केंद्राने नेमलेल्या समित्यांना एंडोसल्फानशी थेट संबंध जोडता येत नाही असे वाटले. त्यांतल्या एका समितीचे अध्यक्ष डॉ. सी. डी. मायी होते, जे त्याआधी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक होते. नागपुरातून हे प्रकरण पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कापसाच्या शेतात खांद्यावरच्या पंपाने मारलेले औषध आणि काजूच्या डोंगरावर वरून सोडलेले औषध एकच असले, तरी त्यांकडे पाहणाऱ्यांचा अनुभव एक नव्हता. ‘आमच्याकडे इतकी वर्षे मारतात, असे काही झाले नाही’ हे वाक्य मी वर्धा रोडवरच्या अभ्यासू माणसांकडूनही ऐकले आहे. ते खोटे बोलत नव्हते. मोजले नव्हते, एवढेच.

डिसेंबर २०१० च्या अखेरीस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशभर बंदीची शिफारस केली आणि स्टॉकहोमच्या मंचावर भारताने बंदीला पाठिंबा द्यावा असेही म्हटले. म्हणजे जिनिव्हाला जाणाऱ्या शिष्टमंडळाच्या पाठीमागे देशाच्याच एका वैधानिक संस्थेचे विरुद्ध मत कागदावर होते, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाने ते वाचलेले होते.

कोणाच्या हातात कोणती पाने

पक्षकार देशांची पाचवी परिषद २५ ते २९ एप्रिल २०११ या काळात जिनिव्हात भरली. सोमवार ते शुक्रवार. या पाच दिवसांत भारताने काय मिळवले हे समजण्यासाठी कराराची दोन कलमे शेजारी ठेवून वाचावी लागतात, आणि हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिले कलम भारताला कमकुवत करते. परिशिष्टात दुरुस्ती करताना सहमतीचा सर्व प्रयत्न थकला, तर शेवटचा उपाय म्हणून उपस्थित आणि मतदान करणाऱ्या देशांच्या तीन-चतुर्थांश बहुमताने निर्णय होऊ शकतो. म्हणजे भारताला नकाराधिकार नव्हता. हेच एंडोसल्फान २००८ मध्ये रोममध्ये रॉटरडॅम करारापुढे, म्हणजे घातक रसायनांच्या व्यापारात आयातदार देशाची पूर्वसंमती मागणाऱ्या करारापुढे, आले होते. त्या करारात परिशिष्टातली भर केवळ सहमतीनेच होते, आणि तिथे भारताच्या विरोधाने ते अडले होते. रोममध्ये एक ‘नाही’ पुरेसे होते, जिनिव्हात ते पुरणार नव्हते.

दुसरे कलम भारताला बळ देते. करारात सामील होतानाच एखादा देश असे जाहीर करू शकतो की परिशिष्टातली कोणतीही नवी दुरुस्ती आपण स्वतंत्रपणे अनुसमर्थन, म्हणजे ती बंधनकारक मानल्याची औपचारिक मान्यता, दिल्यावरच आपल्याला लागू होईल. भारताने जानेवारी २००६ मध्ये अनुसमर्थन देताना हे जाहीर केलेले होते. इतर देशांसाठी नियम असा की ठरावीक मुदतीत हरकत कळवली नाही तर दुरुस्ती आपोआप लागू. भारतासाठी असा की कागद पाठवेपर्यंत काहीच लागू नाही. मतदान घेऊन भारताला हरवता आले असते, पण हरलेला भारत घरी जाऊन पूर्वीसारखेच उत्पादन करत राहिला असता, आणि सर्वांत मोठा उत्पादक बाहेर ठेवून केलेल्या बंदीला मग फारसा अर्थ उरला नसता.

दोन्ही बाजूंना एकमेकांचे दुबळेपण माहीत होते. म्हणून मतदानाची तलवार म्यानातच राहिली आणि घासाघीस ‘बंदी असावी की नसावी’ यावरून सरकून ‘कोणत्या पिकाला, कोणत्या किडीसाठी, किती वर्षे’ यावर आली. भारताच्या मागण्या होत्या त्या सवलतींच्या, मुदतीच्या आणि पर्यायांसाठी पैशाच्या.

हे काम मोठ्या सभागृहात होत नाही. तिथे देशांची निवेदने होतात, प्रत्येकाच्या आभाराने सुरू होणारी आणि प्रत्येकाच्या आशेने संपणारी. खरे काम संपर्क गटात होते. लहान खोली, पडद्यावर मसुदा, आणि ज्या शब्दावर कोणाची हरकत आहे तो चौकटी कंसात. कंस म्हणजे ‘हे अजून ठरलेले नाही’. गटाचा अध्यक्ष एकेक कंस उघडतो, कोणाला काय चालेल ते विचारतो, अडलेले दोन देश कोपऱ्यात पाठवतो आणि पुढच्या ओळीवर जातो. मी वर्गात हाच खेळ घेतो. खडूने फळ्यावर कंस काढायचे आणि मुलांनी ते पुसायचे. पहिल्या तासात कोणीच पुसत नाही. दुसऱ्या तासाच्या शेवटी, घंटा व्हायला दहा मिनिटे असताना, सगळे पुसायला धावतात. एका वर्षी ‘भारत’ झालेल्या मुलीने कापसाची ओळ मिळवण्यासाठी सफरचंदाची ओळ सोडून दिली आणि मग तिच्याच गटातला हिमाचलची भूमिका घेतलेला मुलगा तिच्याशी आठवडाभर बोलला नाही.

शुक्रवारी परिषदेने निर्णय स्वीकारला. तांत्रिक एंडोसल्फान आणि त्याचे समघटक परिशिष्ट ‘अ’मध्ये, म्हणजे उच्चाटनाच्या यादीत. सोबत उत्पादन आणि वापर यांसाठी विशिष्ट सूट, पण फक्त सहाव्या भागातल्या पीक-कीड जोड्यांसाठी, आणि फक्त त्या देशांना जे कराराच्या सवलतींच्या नोंदवहीत आपले नाव लावतील. अशी सूट साधारण पाच वर्षांची असते आणि परिषदेच्या मंजुरीने वाढू शकते. पर्यायांचा शोध घेण्यासाठी वेगळा कार्यक्रम ठरवणारा आणखी एक निर्णय त्याच्या जोडीला झाला. मतदान झाले नाही.

आता ‘अरहर’ कुठून आली हे सांगायला नको. तक्त्यातली पिके आणि किडी वाचली की तो कोणाच्या फायलीतून उचलला गेला हे उघड दिसते. वाटाघाट करणारा वैदर्भीय असता तर तिथे ‘तूर’ असती, इतकाच काय तो फरक. बाकीच्या देशांनीही ते शब्द बदलण्याचा आग्रह धरला नाही. सामान्य शब्दांत सूट लिहिली असती तर कोणत्याही पिकावर कोणीही ती ओढून घेतली असती. यादी जितकी नेमकी, जितकी गावठी, तितकी ती आवळलेली. केसाळ अळीला बिहारचा पत्ता लावून ठेवण्यात दोन्ही बाजूंचा फायदा होता.

सचिवालय : न बोलणारा खेळाडू

विद्यार्थ्यांना सचिवालयाची भूमिका दिली की ती निराश होतात. मत नाही, भाषण नाही, नुसते कागद. प्रत्यक्षात कागद ज्याच्याकडे त्याच्याकडे बरेच काही असते. दुरुस्तीचा प्रस्ताव परिषदेच्या निदान सहा महिने आधी सर्व पक्षकारांना पोचवणे, संयुक्त राष्ट्रांच्या सहाही भाषांत दस्तऐवज तयार ठेवणे, कोणत्या खोलीत कोणता गट किती वाजता बसेल हे ठरवणे, ही सचिवालयाची कामे. तीन-चार माणसांचे शिष्टमंडळ घेऊन आलेल्या देशाला एकाच वेळी दोन गट चालले तर एक सोडावा लागतो. म्हणून वेळापत्रक हीसुद्धा वाटाघाट असते, आणि जे ती करतात ते तिला वाटाघाट म्हणत नाहीत. २०११ च्या सुमारास बासेल (घातक कचऱ्याच्या ने-आणीविषयीचा), रॉटरडॅम आणि स्टॉकहोम या तीनही रसायन-करारांच्या सचिवालयांना एकत्र आणून एक कार्यकारी सचिव देण्याची प्रक्रिया पुढे सरकत होती. त्याच वर्षी जूनमध्ये रॉटरडॅमच्या परिषदेत एंडोसल्फान विनाअडथळा यादीत गेले. एप्रिलमध्ये जिथे माघार घेतली तिथे जूनमध्ये पुन्हा उभे राहणे भारताला शोभले नसते.

संघटना : मत नसलेल्यांचे वजन

बिगर-सरकारी संघटना परिषदेत निरीक्षक म्हणून येतात. एक-तृतीयांश पक्षकारांनी हरकत घेतली नाही तर प्रवेश मिळतो. अध्यक्षांनी वेळ दिली तर सरकारांनंतर बोलता येते. संपर्क गट कोणत्याही क्षणी दार लावून घेऊ शकतो. एंडोसल्फानच्या बाबतीत दीर्घस्थायी प्रदूषकांविरुद्ध काम करणारे जागतिक जाळे आयपेन, कीटकनाशकांवरचे पॅन (पेस्टिसाइड ॲक्शन नेटवर्क) आणि केरळची थणल ही संघटना वर्षानुवर्षे या प्रक्रियेत होत्या. निरीक्षकांच्या बाकांवर कीटकनाशक उद्योगाचे प्रतिनिधीही बसतात. नियमाच्या दृष्टीने दोघे एकच, आणि हे आमच्या मुलांना फार खटकते.

पण संघटनांचे खरे वजन जिनिव्हाच्या खोलीत नव्हते असे मला वाटते. ते दोन ठिकाणी होते. समितीच्या टप्प्यावर पर्यायांची माहिती पुरवणे हे एक. ज्या लहान देशांकडे स्वतःचा विषशास्त्रज्ञ नाही त्यांना ही माहिती आयती मिळाली की त्यांचा हात धीटपणे वर जातो. दुसरे ठिकाण तिरुवनंतपुरम. परिषद सुरू झाली त्याच सोमवारी केरळचे मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन बंदीच्या मागणीसाठी एक दिवसाच्या उपोषणाला बसले. केरळ विधानसभेचे मतदान १३ एप्रिललाच आटोपले होते, त्यामुळे मतांसाठी हा खटाटोप चालला आहे असे म्हणायला फारशी जागा नव्हती. भारताचे शिष्टमंडळ जिनिव्हात बोलायला उठत असताना त्याच देशाचा एक मुख्यमंत्री त्या भूमिकेविरुद्ध उपाशी बसला आहे, ही बातमी सभागृहात पोचायला भाषांतराची गरज नव्हती. कासारगोडच्या आयांची छायाचित्रे संघटनांनी जगभर नेली होतीच. उपोषणाने त्यांच्यामागे एक राज्य सरकार उभे केले.

चौदा दिवस

जिनिव्हात सूट मिळाली २९ एप्रिलला. डेमॉक्रॅटिक यूथ फेडरेशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री आणि वापर अंतरिम आदेशाने थांबवला १३ मे रोजी. योगायोग असा की केरळची मतमोजणीही त्याच शुक्रवारी होती. आदेश सुरुवातीला आठ आठवड्यांचा होता, पण उठला नाही. पाच दिवस घासाघीस करून, मुदत आणि किडींची नावे मोजून मिळवलेली सूट घरच्या अंगणात दोनच आठवडे टिकली. २०१७ च्या जानेवारीत न्यायालयाने पीडितांना पाच लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला, तो याच खटल्यात.

मग भारताची वाटाघाट वाया गेली का? वर्गात यावर दोन तट पडतात. मी तिसऱ्या बाजूला आहे. शिष्टमंडळाचे काम होते दारे उघडी ठेवण्याचे, आणि ते त्याने चोख केले. त्या दारातून आपण जायचे की नाही हे देशाने नंतर ठरवले. चूक असली तर ती आधीची आहे. केरळचा अनुभव, मानवाधिकार आयोगाचे मत आणि कापूस पट्ट्याची गरज या तिघांची दिल्लीतच एका टेबलावर बैठक झाली असती, तर शिष्टमंडळाला इतक्या लांबलचक यादीऐवजी थोड्या नेमक्या मागण्या घेऊन जाता आले असते आणि उरलेले वजन पर्यायांच्या पैशासाठी लावता आले असते. कापसातली गरजही तेव्हा पूर्वीइतकी उरली नव्हती. २००२ नंतर आलेल्या बीटी वाणांनी बोंडअळीवरच्या फवारण्या काही वर्षे कमी केल्या होत्या. रसशोषक किडींसाठी मात्र दुसरी औषधे आली, आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा त्यांच्या पंपात एंडोसल्फान नव्हते. एक रसायन यादीत घातल्याने पंप, हातमोजे आणि मजुरी यांचे गणित बदलत नाही. तो या कराराचा विषयही नव्हे, पण विदर्भात हे प्रकरण शिकवताना तेवढे सांगावे लागते.

सूट वाया गेली नाही याचा एक पुरावा वेगळ्याच दिशेने आला. दुरुस्ती २७ ऑक्टोबर २०१२ रोजी अमलात आली, आणि नंतर चीनने ती स्वीकारताना कापूस आणि तंबाखू यांवरच्या अळ्यांसाठी नोंदवहीत नाव लावून काही वर्षांची सवड घेतली. भारताच्या फायलीतून आलेल्या तक्त्याचा उपयोग असा दुसऱ्याला झाला.

नागपूरला त्याच आठवड्यात एक गोष्ट मिळाली, जिच्याकडे तेव्हा कोणाचे लक्ष गेले नाही. एंडोसल्फान यादीत घालणाऱ्या याच पाचव्या परिषदेने नेहरू मार्गावरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला, म्हणजे नीरीला, स्टॉकहोम कराराचे आशियासाठीचे विभागीय केंद्र म्हणून मान्यता दिली. क्षमताबांधणी आणि तंत्रज्ञान हस्तांतरण ही या केंद्राची कामे. ज्या देशाने आठवडाभर हरकती घेतल्या त्याच देशातल्या संस्थेला करार राबवण्यात मदत करण्याचे काम सोपवले गेले, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. एका हाताने कंस टाकताना दुसऱ्या हाताने सहकार्याचा कागद पुढे सरकवणे हा या खोल्यांतला रोजचा व्यवहार आहे.

भारताचे औपचारिक अनुसमर्थन हा धागा त्यानंतरही लांबत गेला. ७ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने कराराच्या यादीतल्या सात रसायनांच्या दुरुस्त्यांना मान्यता दिली. देशांतर्गत नियमांनी आधीच आवर घातलेल्या रसायनांच्या बाबतीत पुढचे अनुसमर्थन देण्याचे अधिकार परराष्ट्र आणि पर्यावरण मंत्र्यांकडे सोपवले. त्या सात नावांत एंडोसल्फान नव्हते. काटोलच्या त्या मुलाने ती यादीही बोटाने वरपासून खालपर्यंत तपासली होती.